गाणे जनतेचे, मग दाम कोणाचे?

आपल्या चळवळीत एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे. गाणे जनतेचे असते, ते कोणा एकाच्या मालकीचे नसते. सबब गाण्याच्या स्वामित्वहक्काची चर्चा हा चित्रपटसृष्टीतील धनिकांचा, कंपन्यांचा आणि त्यांच्या वकिलांचा विषय आहे, कष्टकऱ्यांच्या पक्षाने त्यात वेळ दवडण्याचे कारण नाही, अशी ती समजूत. शिबिरांतून अनेक जुने, जाणते साथी ती बोलून दाखवतात. खाजगी मालमत्तेला विरोध करणाऱ्यांनी सुरांच्या खाजगी मालमत्तेची तरफदारी करावी काय, असा सवालही ते करतात. हा सवाल प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचे उत्तर देणे अगत्याचे आहे. माझे उत्तर असे की, ही समजूत भावनेने उदात्त आणि परिणामाने घातक आहे. गाणे कोणाचेच नाही असे आपण म्हणतो तेव्हा ते जनतेचे होत नाही. ज्याच्यापाशी छापलेला करारनामा तयार असतो, त्याचे ते होते.

या समजुतीचे मूळ आपल्याच वैभवशाली परंपरेत आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अण्णाभाऊ साठे आणि अमरशेख यांनी गिरणगावात, मैदानांवर आणि खेडोपाडी आपली गाणी ऐकवली ती हिशेब मांडून नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या शाहिरीने माणसे उभी केली, तेव्हा रॉयल्टीचा विचार त्यांच्या मनाला शिवला नसेल. त्या त्यागाचा वारसा आपण सांगतो. परंतु कायदा त्यागाची नोंद ठेवत नाही. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. हे दोन्ही शाहीर १९६९ साली गेले. म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०२९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत कोणाचा ना कोणाचा आहेच, मग तो वारसांचा असो वा ज्याने तो लिहून घेतला असेल त्याचा असो. कॅनडात मात्र २०२२ सालापर्यंत ही मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. ती ७० वर्षांची करण्यात आली तेव्हा आधीच मोकळ्या झालेल्या रचना पुन्हा बांधून घातल्या गेल्या नाहीत. त्यामुळे १९६९ साली निधन पावलेल्या शाहिराची रचना टोरांटोत २०२० च्या पहिल्या दिवसापासून सर्वांना मोकळी आहे आणि ती जिथे जन्मली त्या परळ-लालबागेत अजून नाही. एकच पोवाडा, दोन देश, दोन कायदे.

देशोदेशींच्या कायद्यांतील फरकाची चर्चा निघाली की बहुधा या वर्षांचीच मोजदाद होते. भारतात ६०, युरोपात ७०, मेक्सिकोत तर मृत्यूनंतर १०० वर्षे! ही मुदत सर्वत्र वाढतच गेली आहे. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपुष्टात येण्याची वेळ आली तेव्हा भारतात १९९२ च्या कायद्याने ५० ची ६० वर्षे झाली. अमेरिकेने १९९८ साली वीस वर्षे वाढवली. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणांवरील हक्क ५० वरून ७० वर्षांवर नेला. प्रत्येक वेळी कलावंताच्या नावाने गळा काढण्यात आला. पण मृत कवी वाढवून दिलेल्या वीस वर्षांत एक ओळही लिहीत नाही आणि जिवंत कवीने हक्क अगोदरच विकलेला असेल, तर वाढीव वर्षांचा लाभ विकत घेणाऱ्याला मिळतो. घरमालकाच्या भाड्याची मुदत वाढवून त्याला गवंड्याचे कल्याण म्हणावे, तशातलाच हा प्रकार आहे.

म्हणून कोणत्याही देशाच्या संगीतविषयक कायद्याची परीक्षा करताना कार्यकर्त्यांनी निराळाच प्रश्न विचारला पाहिजे. हक्क किती वर्षे टिकतो, हा प्रश्न दुय्यम आहे. अडचणीच्या वेळी, अज्ञानाने, किंवा पोटासाठी विकून टाकलेला हक्क रचनाकाराकडे अथवा त्याच्या मुलाबाळांकडे कधीकाळी परत येतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. शेतजमिनीच्या बाबतीत आपण हाच प्रश्न विचारत आलो. सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन लिहवून घेतलेले खरेदीखत पवित्र मानायचे काय, या प्रश्नावर आपल्या पूर्वसूरींनी लढे दिले. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण तो विचारतच नाही.

एका गाण्याची कथा येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यात हा सारा प्रश्न सामावलेला आहे. सॉलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातला झुलू मजूर. पोटासाठी तो जोहान्सबर्गला आला आणि गॅलो या ध्वनिमुद्रिका कंपनीत तबकड्या बांधण्याचे काम करू लागला. १९३९ साली त्याच कंपनीच्या स्टुडिओत त्याने आपल्या साथीदारांसह ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हे गाणे म्हटले. गाताना शेवटी त्याने आयत्या वेळी एक सुरावट काढली आणि तीच पुढे जगाच्या ओठांवर गेली. दहा वर्षांत या तबकडीच्या सुमारे एक लाख प्रती आफ्रिकेत खपल्या, असे सांगितले जाते. लिंडाला हक्कांपोटी मिळाले ते दहा शिलिंग.

तबकडी अमेरिकेत पोहोचली ती आपल्यासारख्याच विचारांच्या माणसांच्या हाती. लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी ती पीट सीगर यांना दिली. सीगर हे डाव्या चळवळीचे गायक. मॅकार्थीच्या काळात त्यांना व त्यांच्या ‘वीव्हर्स’ या संघाला काळ्या यादीत जावे लागले. अशा माणसाच्या हातून लुबाडणूक होईल असे कोण म्हणेल? झुलू शब्द नीट न कळल्याने गाण्याचे नाव ‘विमोवे’ झाले आणि १९५२ साली ते अमेरिकेत गाजले. प्रकाशकाने रचनाकार म्हणून नोंद केली ती ‘पॉल कॅम्पबेल’ या माणसाची, आणि असा कोणी माणूस नव्हताच! पारंपरिक गाण्यांवर हक्क नोंदवण्यासाठी वापरलेले ते टोपणनाव होते. पुढे १९६१ साली त्याच सुरावटीवर इंग्रजी शब्द बसवून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे गाणे निघाले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. नवे शब्द लिहिणाऱ्यांची नावे कागदोपत्री आली, लिंडाचे आले नाही. १९६२ साली तो कफल्लक अवस्थेत मरण पावला. त्याच्या थडग्यावर दगड बसायला पुढे अठरा वर्षे लागली. १९९४ साली डिस्नेच्या ‘लायन किंग’ चित्रपटात ते गाणे वाजले, त्या वेळी त्याच्या मुली सोवेटोत गरिबीत दिवस काढत होत्या.

सीगर यांनी आपल्या वाट्याचे पैसे लिंडाला पाठवावेत असे प्रकाशकाला सांगितले होते, एक हजार डॉलरचा धनादेशही पाठवला होता. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि हीच गोष्ट आपण विसरता कामा नये. लुटीचे दार उघडले गेले ते एका सद्भावनेने. ‘हे आफ्रिकेतल्या जनतेचे गाणे आहे’ या सद्भावनेला गाण्यामागे एक नाव असलेला, घरदार असलेला, मजुरी करणारा माणूस दिसला नाही. डाव्यांनी ‘लोकगीत’ म्हटले आणि प्रकाशकाने ते बेवारस माल म्हणून नोंदवून घेतले. आपल्या शिबिरांतील ती समजूत आणि पॉल कॅम्पबेल यांच्यात एवढेच अंतर आहे!

आता कायद्याकडे वळू. या अन्यायाला वाचा फुटली ती कशामुळे? २००० साली दक्षिण आफ्रिकेतील पत्रकार रियान मलान यांनी ही हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली. त्यानंतर तेथील स्वामित्वहक्काचे जाणकार वकील ओवेन डीन यांना एक जुनी, धूळ खात पडलेली तरतूद सापडली. १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या स्वामित्वहक्क कायद्यात असे म्हटले होते की, रचनाकाराने हयातीत हक्क विकला तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी तो त्याच्या वारसदारांकडे परत जाईल, आणि रचनाकाराने याविरुद्ध लिहून दिलेला कोणताही करार निरर्थक समजला जाईल. कादंबरीकार डिकन्स यांच्या नावाने ही तरतूद ओळखली जाते. लेखकाची बायकामुले दारिद्र्यात आणि प्रकाशक ऐश्वर्यात, हे चित्र इंग्लंडच्या कायदेमंडळाला त्या काळी बोचले असावे. साम्राज्याचा हा कायदा दक्षिण आफ्रिकेतही लागू होता. लिंडा १९६२ साली गेला. म्हणजे १९८७ साली हक्क परत आले होते आणि घरात कोणाला त्याची कल्पनाही नव्हती!

२००४ साली प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. परदेशी कंपनीवर अधिकारक्षेत्र मिळवण्यासाठी डिस्नेच्या त्या देशात नोंदवलेल्या दोनशेहून अधिक बोधचिन्हांवर जप्ती आणण्यात आली. अब्जाधीश कंपनीच्या बोधचिन्हांवर एका मजुराच्या मुलींनी टाच आणावी, हा प्रसंग मोठा बोलका आहे. डिस्नेचे म्हणणे असे की, आम्ही अमेरिकेतील हक्कधारकाकडून रीतसर परवाना घेतला आहे. दावा निकालापर्यंत गेला नाही, २००६ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. लिंडाला सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली, मागील व पुढील स्वामित्वधनासाठी विश्वस्तनिधी स्थापन झाला. रक्कम गुप्त राहिली.

या तडजोडीतील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या साम्राज्याच्या मुलखात वारसांच्या हाती काही शस्त्र होते, कारण तिथे परताव्याची तरतूद होती. पण गाण्याची मुख्य कमाई जिथे झाली त्या अमेरिकेत ही तरतूद नव्हती. तिथे वेगळा मार्ग होता, हक्काच्या पहिल्या मुदतीनंतर नूतनीकरण करण्याचा. मात्र प्रकाशकांच्या बाजूने १९८३ साली विधवेच्या आणि १९९२ साली मुलींच्या सह्या कागदांवर घेतल्या गेल्या होत्या. कायद्याने दिलेली दुसरी संधीही सहीच्या एका फटकाऱ्यात हिरावली जाते ती अशी. यातून धडा असा की, हक्क परत येणे पुरेसे नाही. तो परत येतो आहे हे ज्याचा आहे त्याला कळले पाहिजे, आणि तो पुन्हा कवडीमोलाने विकत घेता येणार नाही अशी व्यवस्था पाहिजे.

आता निरनिराळ्या देशांनी या कसोटीवर काय केले ते पाहू. ब्रिटनने १९५६ च्या कायद्याने ही तरतूद नव्या करारांपुरती काढून टाकली. कॅनडाने ती ठेवली. तिथे आजही मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क परततो. २०१८ साली गायक ब्रायन ॲडम्स यांनी तेथील संसदीय समितीपुढे मागणी केली की, मरेपर्यंत वाट कशाला, करारानंतर २५ वर्षांनीच हक्क परत द्या. जर्मनीत मूळ हक्क विकताच येत नाही. वापरण्याचा परवाना तेवढा देता येतो, आणि तो देताना वाजवी मोबदला मिळण्याचा हक्क २००२ च्या सुधारणेने कायद्यात आला. ठोक रक्कम घेऊन एकालाच परवाना दिला असला तरी, काही अपवाद सोडता, दहा वर्षांनंतर रचनाकार तीच रचना इतरांना देऊ शकतो, अशी भर २०१७ साली पडली. भांडवलशाही देशातच हे घडले आहे, हे ‘व्यापार बुडेल’ असा ओरडा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

खुद्द अमेरिकेत १९७८ पासून केलेल्या करारांना असा नियम आहे की, ३५ वर्षांनी रचनाकार नोटीस देऊन करार संपुष्टात आणू शकतो, आणि हा हक्क सोडून दिल्याचे आधी लिहून दिले असले तरी ते ग्राह्य नाही. ‘नोकरीत केलेले काम’ असेल तर मात्र हा नियम लागत नाही. म्हणून १९९९ च्या अखेरीस दुसऱ्याच एका विधेयकात एक छोटी दुरुस्ती घुसडून ध्वनिमुद्रणांची गणना ‘नोकरीत केलेल्या कामां’त करण्यात आली. गायकांचा परताव्याचा हक्क चार शब्दांत बुडाला! कलावंत खवळून उठले, संघटित झाले आणि वर्षभरात, २००० साली, ती दुरुस्ती रद्द करावी लागली. हक्क कोणी दान करत नाही, तो राखावा लागतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

आणि आता दांभिकपणाचा कळस पहा. लिंडाच्या देशाने आपल्या कायद्यात सुधारणा करायचे ठरवले. साहित्य व संगीताचा हक्क विकला तरी तो जास्तीत जास्त २५ वर्षांपुरताच, अशी तरतूद त्या विधेयकात आहे. विधेयकात इतरही वादग्रस्त कलमे आहेत आणि त्यांवर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण अमेरिकेतील चित्रपट, संगीत व प्रकाशन व्यवसायांच्या संयुक्त संघटनेने ज्या गोष्टींना आक्षेप घेतला त्यांत ही २५ वर्षांची मर्यादाही होती. त्या संघटनेच्या अर्जावरून २०१९ साली अमेरिकी सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या मालाला मिळणाऱ्या आयातशुल्क-सवलतींची चौकशी उघडली. स्वतःच्या देशात ३५ वर्षांनी करार मोडू देणारे लोक गरीब देशाने २५ वर्षांची मर्यादा घातली की व्यापाराची वेसण आवळतात! संसदेने २०२४ च्या फेब्रुवारीत विधेयक संमत केले. राष्ट्राध्यक्षांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात ते घटनात्मक न्यायालयाकडे पाठवले. देशोदेशींच्या कायद्यांतील फरक हे केवळ त्या त्या देशांच्या स्वभावाचे वा संस्कृतीचे दर्शन नव्हे. कोणत्या देशात कलावंत संघटित आहेत, कोणत्या देशात कंपन्यांची मिरासदारी आहे आणि कोणता देश कोणावर डोळे वटारू शकतो, याचा तो आलेख आहे.

आपल्या देशाचे काय? १९११ चा तोच साम्राज्याचा कायदा १९१४ च्या कायद्याने आपल्याकडे लागू झाला होता. स्वतंत्र भारताने १९५७ साली स्वतःचा कायदा केला तेव्हा मृत्यूनंतर हक्क परत आणणारी ती तरतूद त्यात आली नाही. साम्राज्याचे इतके काही आपण जपले. जे एक न्याय्य कलम होते तेवढे सुटले! शिवाय त्या कायद्यात ‘संगीतकृती’ची व्याख्या अशी होती की, जे लिहून काढले आहे, छापले आहे, तेच संगीत. जिथे विद्या गुरुमुखातून शिष्याकडे जाते, जिथे लावणीची चाल फडावर जन्मते आणि भारुड पिढ्यान्‌पिढ्या कंठस्थ राहते, त्या देशात कागदावर न उतरलेली चाल कायद्याला ऐकूच येत नव्हती. ही व्याख्या बदलायला १९९४ साल उजाडले. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला स्वतःचा असा हक्कही त्याच वर्षी प्रथम मिळाला.

मधल्या काळात काय झाले? १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफी यांना तो पटला नाही. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. गायकांत एकी झाली नाही, कायदाही बदलला नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून, गाणाऱ्याला वाऱ्यावर सोडणारा हा कायदा भारतीय संगीताच्या प्रकृतीशी विसंगत आहे अशी खंत व्यक्त केली आणि संसदेचे लक्ष वेधले. संसदेचे लक्ष पुरतेपणी जायला ३५ वर्षे लागली.

२०१२ ची दुरुस्ती झाली, तिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत व बाहेर नेटाने झुंज दिली. चित्रपटातील गीत वा संगीत असो, की चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रणातील असो, गीतकाराने व संगीतकाराने हक्क विकला तरी रॉयल्टीतील समान वाटा त्याला सोडून देता येणार नाही. तो वाटा केवळ वारसांना किंवा वसुलीसाठी स्वामित्वहक्क संस्थेला देता येईल, असे कायदा आता म्हणतो. चित्रपटगृहात चित्रपट दाखवण्यापुरता त्याला अपवाद आहे. या संस्थांच्या नियामक मंडळात रचनाकार आणि मालक समसमान असले पाहिजेत, असेही तो म्हणतो. हा मोठा विजय आहे. परंतु तो अपुरा आहे. कारण त्याने वाटा दिला, हक्क परत दिला नाही. आणि वाटा मिळतो तो ज्याचे नाव कागदावर आहे त्याला. ज्या ध्वनिमुद्रणावर हयात असलेल्या शाहिराच्या नावाऐवजी ‘पारंपरिक’ एवढाच शब्द पडतो, तिथे कायद्याचे सारे कवच व्यर्थ. पॉल कॅम्पबेलला मराठीत ‘पारंपरिक’ असे म्हणतात.

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला कंपन्यांचा. सज्ञान माणसाने स्वखुशीने केलेला करार मोडू देणे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असे ते म्हणतात. मजुराने बारा तास काम करण्याचा करार स्वखुशीने केला असता कारखाना-कायद्याने आड का यावे, असे गिरणीमालक पूर्वी म्हणत, त्याचीच ही नवी आवृत्ती. गाणे विकताना त्याची किंमत काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते; पण कंपनी शंभर गाणी घेऊन एकावर कमावते आणि रचनाकाराला त्याच्या एकाच गाण्यावर जगायचे असते. विषमांचा करार समानांचा मानणे हाच मुळात अन्याय आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच साथींचा. हक्क बळकट केले तर चौकाचौकांत गाणारे आपले कलापथकच उद्या गुन्हेगार ठरेल, अशी त्यांची भीती. ही भीती कायदा न वाचल्यामुळे आहे. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढे केलेला प्रयोग भारतीय कायद्याने हक्कभंग मानलेला नाही. धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नानिमित्तचे समारंभ यांनाही सूट आहे. चळवळीचे गाणे मोकळेच आहे आणि मोकळेच राहिले पाहिजे; ही सूट कोणी आकसू पाहील तर पहिला विरोध आपण केला पाहिजे. आपला झगडा गाणाऱ्याशी नाही, गाण्यावर धंदा करून रचनाकाराला विसरणाऱ्याशी आहे. फुकट गाऊ द्यावे ते गरिबाला. श्रीमंत कंपनीला गरिबाने फुकट गाणे द्यावे, हा कुठला समाजवाद?

तेव्हा पक्षाची मागणी स्पष्ट असली पाहिजे. संगीताचा कोणताही हक्क विकला गेला तरी २५ वर्षांनी तो रचनाकाराकडे वा त्याच्या वारसांकडे आपोआप परत यावा. याविरुद्ध कोणी काही लिहून दिले असल्यास, मग ते रचनाकाराने दिलेले असो वा वारसांनी, ते निरर्थक ठरावे. परताव्याची तारीख जवळ आल्याची सूचना देण्याचे बंधन हक्क धारण करणाऱ्यावर असावे. ध्वनिमुद्रणावर ‘पारंपरिक’ असे छापण्यापूर्वी रचनाकाराचा शोध घेतल्याची जबाबदारी प्रकाशकावर टाकावी. आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या देशावर अशा कायद्यापायी व्यापारी दडपण येते तेव्हा भारताने मूग गिळून बसू नये. उद्या तेच दडपण आपल्यावर येणार आहे.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. आजचा कायदा असे सांगतो की, हक्क विकण्याचा करार लेखी आणि सहीचा असला पाहिजे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी, आणि मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरताच समजावा. म्हणूनच छापील करारनाम्यांत ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगासाठी’ हे शब्द आवर्जून घातलेले असतात. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्याने आपल्या भागातील शाहीर, वाघ्यामुरळी, तमाशा कलावंत, भजनी मंडळांतील रचनाकार यांच्याकडे जावे, त्यांची कोणती गाणी कोणी मुद्रित केली आणि त्यावर कोणाचे नाव आहे याची नोंद करावी, आणि सही करण्यापूर्वी हे दोन शब्द खोडायला त्यांना शिकवावे. सात-बारा वाचायला आपण शेतकऱ्याला शिकवले. करारनामा वाचायला शाहिराला शिकवणे हे त्याच परंपरेतले काम आहे.

सॉलोमन लिंडाने गाणे बांधले तेव्हा तो तबकड्या बांधण्याच्या कामावर होता. आपल्याच आवाजाची तबकडी त्याच्या हातून दुकानाकडे रवाना झाली असेल. कापूस पिकवणारा उघडा आणि घर बांधणारा बेघर, हे वाक्य आपण सभांतून नेहमी उच्चारतो. त्या यादीत गाणे रचणाऱ्याचे नाव घालायचे आपण विसरलो होतो. ते आता घालू या.